पलीकडची शांतता कशी वाचायची?

काठावरची

गेल्या महिन्यात ताईला व्हिडिओ कॉल लावला. ती दुसऱ्या खंडात राहते, तिची सकाळ असते तेव्हा माझी रात्र. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी एकदाचं सांगून टाकलं, "ताई, मी नोकरी सोडली."

पडद्यावर ताई तशीच. भुवई हलेना, ओठ हलेनात. मी मनात एक, दोन म्हणेपर्यंत ती नुसती बघत होती. मला राहवेना. "माहीतच होतं मला, तुला पटणार नाही," असं मी म्हणायला आणि तिकडून "अगं, छान केलंस की!" यायला एकच गाठ पडली. ती म्हणाली, "काय म्हणालीस?" मी म्हणाले, "काही नाही." मग दोघी गप्प. मग दोघी एकदम बोलायला लागलो, दोघी एकदम थांबलो. "तू बोल." "नाही, तू बोल." शेवटी "बरं, ठेवते आता" यावर गाडी आली.

पुढचे चार दिवस एकमेकींना मेसेज नाही. नंतर भाच्याकडून कळलं की त्या सकाळी त्यांच्याकडे नेट अडखळत होतं. ताईनं उत्तर तत्काळ दिलं होतं. दोन सेकंदांचा तिचा राग मीच तयार केला आणि मीच त्यावर चिडले.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. समोर बसलेलं माणूस गप्प झालं तर आपल्याला साधारण कळतं की विचार करतंय, रुसलंय की ऐकूच आलं नाही. फोनवर, चॅटवर, मीटिंगमध्ये हे कसं कळायचं? अनुभव लिहा. उपाय नकोत (दिलेत तर वाचेन म्हणा).

मीचतो

वाचतोय.

कानसेन

फोन कंपनीत अठ्ठावीस वर्षं काढली आहेत, तेव्हा प्रतिसाद लांबणार. आधीच माफी.

समोरासमोर बोलताना एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यातलं अंतर साधारण ०.२ सेकंद असतं. २००९ साली दहा भाषांमधल्या हो-नाहीच्या प्रश्नांवर अभ्यास झाला, त्यात ही सरासरी निघाली. जपानी लोक सगळ्यांत चटपटीत, डॅनिश सगळ्यांत निवांत. निवांत म्हणजे तरी किती? अर्धा सेकंदही नाही. खरं तर एखादं वाक्य मनात जुळवून तोंडातून काढायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं बोलणं चालू असतानाच आपण उत्तर तयार करून बसलेलो असतो. त्याच अभ्यासात असंही दिसलं की होकार पटकन येतो, नकार आणि टाळाटाळ रेंगाळत येतात. तेव्हा काठावरचीताई, दोन सेकंदांचा अर्थ तुम्ही 'नाही' असा लावलात, यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही. समोरासमोर तो अर्थ बहुधा बरोबरच निघाला असता.

आता तारेकडे येऊ. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. दहा हजार किलोमीटरला ५० मिलिसेकंद. एवढ्यानं कुणाचं बिनसत नाही. बिनसतं ते बाकीच्या भानगडींमुळे. चित्र आवळून लहान करायचं, वायफायवर रांगेत थांबायचं, आणि शिवाय आवाजाचे तुकडे कधी लवकर कधी उशिरा पोचतात म्हणून पलीकडचं यंत्र ते थोडे साठवून मगच सोडतं. नेट अडखळलं की हा साठा वाढवावा लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ नावाची शिफारस आहे. तिच्या हिशेबानं एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांपर्यंत असला तर बहुतेकांना जाणवत नाही, आणि ४००च्या वर जाऊच नये. लक्षात घ्या, हा एका बाजूचा. तुमचा प्रश्न जाणार आणि तिचं उत्तर येणार, म्हणजे तुमच्या वाट्याला दुप्पट.

उपग्रहावरून फोन जायचे तेव्हा याहून वाईट होतं. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. पण तेव्हा खरखर असायची, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा यायचा. लांबचा फोन आहे हे कानालाच कळायचं, त्यामुळे लोक सांभाळून घ्यायचे. आता चित्र इतकं लख्ख दिसतं की माणूस टेबलापलीकडेच बसलंय असं वाटतं, आणि उशिराचं खापर तारेवर न फुटता माणसावर फुटतं. २०१४ साली बर्लिनमधल्या संशोधकांनी नेमकं हेच मांडलं. उशीर तारेचा, पण बोलणाऱ्यांना वाटत होतं की पलीकडच्याचं लक्ष नाही, तो आपुलकीनं बोलत नाही.

काठावरची

कानसेन, हे वाचून हलकं वाटलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही. ताईला लिंक पाठवलीय. अजून निळी टिक नाही, हा हा.

शंभर_टक्के

मुळात संवाद ९३ टक्के देहबोली आणि आवाजातून होतो, शब्द फक्त ७ टक्के. हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे चॅटवर गैरसमज होणारच. विषय संपला.

पूर्णविराम

विषय संपला नाही, सुरू झाला. :)

हा ७-३८-५५चा (शब्द ७, सूर ३८, चेहरा ५५ टक्के) आकडा आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आलेला आहे. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि विचारलं होतं एवढंच की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, तर लोक कशावर विश्वास ठेवतात, इतकाच तो मामला. भावना सोडून बाकी बोलण्याला हे लागू नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलंय. तसं असतं तर हा धागा आपल्यापैकी कुणालाच ७ टक्क्यांवर कळला नसता. (ह.घ्या.)

आणि आता ते कंसातलं बघा. मी 'हलके घ्या' का लिहिलं? सूर पोचत नाही म्हणूनच. १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सूचनाफलकावर कोलन, आडवी रेघ आणि कंस असा हसरा चेहरा सुचवला, तोही विनोद कुठला आणि खरं कुठलं यावर तिथे गोंधळ व्हायला लागला म्हणून. ही अडचण आपल्या फोनांपेक्षा म्हातारी आहे.

शंभर_टक्के

बरं.

पूर्णविराम

हे बघा. या 'बरं'नंतरच्या टिंबाकडे मी आता पाच मिनिटं बघत बसलोय. रागावलात का?

शंभर_टक्के

नाही हो. फोन आपोआप टाकतो टिंब. खरंच बरं म्हणालो.

जराऐका

मी एका हेल्पलाइनवर स्वयंसेवक आहे. कोण फोन करतं, काय बोलतं ते लिहिणार नाही, पण शांततेबद्दल लिहिता येईल.

प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकवली ती शांतता न भरण्याची. माणूस बोलता बोलता थांबला की आपली जीभ वळवळते. काहीतरी धीराचं बोलावंसं वाटतं. बहुतेक वेळा ते आपल्याला स्वतःला सुटका हवी असते म्हणून. एकदा मी घड्याळ बघितलं, चार मिनिटं होऊन गेली होती. पलीकडे पंख्याची घरघर आणि मधूनच श्वास. मी दोनदाच बोलले. "मी आहे इथेच. सावकाश बोला." नंतर ते बोलले, आणि त्या चार मिनिटांआधी जे बोलले होते त्याच्याशी याचा काहीच संबंध नव्हता. खरं ते आत्ता आलं होतं.

पण त्यात माझा खरा सोबती तो पंखा होता. पंखा ऐकू येतोय म्हणजे फोन चालू आहे. काही कॉलमध्ये समोरचा गप्प झाला की पूर्ण काळोख होतो, एक कण आवाज नाही. अशा वेळी फोन करणाराच घाबरून "हॅलो? हॅलो? आहात ना?" करतो आणि जे ओठांवर आलं होतं ते परत आत जातं.

चॅटवर सेवा सुरू झाली तेव्हा आणखी वेगळी तऱ्हा. 'टाइप करत आहे' दिसतं, जातं, परत दिसतं, परत जातं. दहा मिनिटं. आणि मग येतं, "काही नाही. थँक्स." समोरासमोर इतका स्पष्ट हुंदका मी ऐकलेला नाही.

कानसेन

जराऐका, तो काळोख मी रोज दुरुस्त करायचो! माणूस बोलत नसतो तेव्हा मोबाइल आवाज पाठवणं थांबवतो. बॅटरी वाचते, जागा वाचते. पण मग पलीकडे मिट्ट शांतता होते आणि लोकांना वाटतं फोन तुटला. म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूला यंत्र मुद्दाम हलकीशी सरसर तयार करून सोडतं. तिला 'कम्फर्ट नॉइज' म्हणतात. तुम्ही ऐकता ती पार्श्वभूमीची सरसर बरेचदा पलीकडच्या खोलीतली नसतेच, तुमच्याच फोननं रचलेली असते. जिथे ही नीट बसवलेली नाही तिथे तो काळोख.

तसंच स्वतःचा आवाज. जुन्या रिसीव्हरमध्ये आपलंच बोलणं आपल्या कानात थोडं परत यायचं, याला साइडटोन म्हणतात. तो कमी झाला की माणसाला वाटतं आपलं पोचत नाही, आणि तो ओरडायला लागतो. मोबाइलवर ओरडून बोलणाऱ्यांना लोक अडाणी समजतात. त्यांचा कान बिचारा बरोबर काम करत असतो.

ओव्हर_अँड_आऊट

जहाजावर रेडिओ सांभाळलाय. तिथे एका वेळी एकानंच बोलायचं. बटण दाबलं की तुम्ही बोलणार, सोडलं की ऐकणार. म्हणून शांततेलाच नाव द्यावं लागतं. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तू बोल, मी वाट बघतोय. 'आऊट' म्हणजे झालं, उत्तर नको. अंदाज नाही, रुसवा नाही. नव्या मुलांना हसू यायचं. पहिल्या वादळात हसू जायचं.

दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर काय होतं याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण विमानांचं आहे. २७ मार्च १९७७, तेनेरीफ बेट, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं. त्यातल्या केएलएम कंपनीच्या विमानाच्या वैमानिकानं 'आम्ही आता टेकऑफला आहोत' अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. टॉवर म्हणाला 'ओके', आणि लगेच पुढे 'थांबा, मी सांगतो तुम्हाला' असं जोडलं. त्याच क्षणी दुसरं, पॅनॅम कंपनीचं विमान म्हणालं, 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत.' दोन्ही आवाज एकमेकांवर चढले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचलं ते 'ओके' आणि त्यामागून एक कर्कश शिट्टी. ५८३ माणसं गेली.

त्यानंतर टेकऑफ हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, बाकी वेळी 'डिपार्चर' म्हणायचं, असा दंडक आला. नुसत्या 'ओके' किंवा 'बरं'वर भागत नाही. धावपट्टीची परवानगी ऐकली की ती शब्दशः परत म्हणून दाखवायची. मी घरीसुद्धा हे करतो. बायको वैतागते, पण आणायला सांगितलेलं कधी चुकत नाही.

पूर्णविराम

दंडवत. एक नम्र शंका मात्र आहे. ओव्हर म्हणजे उत्तर दे, आऊट म्हणजे उत्तर नको. मग तुमच्या आयडीचा अर्थ काय लावायचा? :)

ओव्हर_अँड_आऊट

आयडी घेताना वाटलं होतं की हे कुणाच्या लक्षात येणार नाही. सिनेमावाल्यांची चूक आहे ती, मुद्दाम घेतलीय. ओव्हर. (आऊट नाही.)

दोन_निळ्या

रेडिओ परवडला. आमच्याकडे पोचल्याच्या दोन टिका, वाचल्याची निळी, 'लास्ट सीन', 'टाइप करत आहे'. शांतता मोजायची इतकी यंत्रं आहेत आणि कळत मात्र काही नाही. नोव्हेंबर २०१४मध्ये व्हॉट्सॲपनं निळी टिक आणली तेव्हा मी नुकताच प्रेमात पडलो होतो. इतक्या वाईट मुहूर्ताची कल्पना करा.

बंद करता येते हे खरं, पण मग दुसऱ्याचीही दिसत नाही. शिवाय ग्रुपमध्ये आणि व्हॉइस मेसेज ऐकल्याची खूण बंद होत नाहीच. हे मला कळलं तोवर 'मी अजून ऐकला नाही गं' असं तीनदा सांगून झालं होतं.

नीरजा_नव्हे

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

दोन_निळ्या

काय लिहिलं होतंत? आता झोप लागणार नाही.

नीरजा_नव्हे

काही नाही, प्रतिसाद दोनदा पडला होता, एक काढला. आणि आता बघते तर दुसराही दिसत नाहीये. असो. मला व्हॉइस मेसेजबद्दल लिहायचं होतं. ते दुप्पट वेगानं ऐकायची सोय २०२१मध्ये आली आणि मी सगळेच मेसेज तसे ऐकायला लागले. आईचे पण. परवा चुकून एक साध्या वेगात ऐकला. आई म्हणत होती, "बाकी सगळं ठीक आहे," मग थांबली, मग सुस्कारा, मग "ठेवू का?" दुप्पट वेगात तो सुस्कारा नुसता श्वास वाटतो. मागचे सगळे परत लावून ऐकले. सगळ्यांत तो आहे.

हस्तमुद्रा

आईबाबा दोघेही कर्णबधिर, त्यामुळे माझी पहिली भाषा खुणांची. या धाग्यात सगळे शांतता म्हणजे आवाज नसणं असं धरून चाललेत, म्हणून लिहिते.

आमच्या घरी शांतता म्हणजे नजर काढून घेणं. भांडताना मी डोळे मिटून उभी राहायचे, म्हणजे आईला बोलताच येऊ नये. याहून उद्धट काही नाही, मार खाल्लाय त्यासाठी. लक्ष हवं असेल तर खांद्यावर थाप, दिव्याचं बटण दोनदा खालीवर, नाहीतर जमिनीवर पाय आपटायचा.

जुन्या काळी कर्णबधिरांसाठी फोनला जोडायचं टंकयंत्र होतं. १९६४ साली रॉबर्ट वाइटब्रेख्त या स्वतः कर्णबधिर असलेल्या भौतिकशास्त्रज्ञानं ते साध्या फोनवरून चालवून दाखवलं. त्यावर इंग्रजीतून बोलणारे आपलं झालं की शेवटी 'जीए' टंकायचे, म्हणजे गो अहेड. ओव्हर_अँड_आऊट यांचं 'ओव्हर'च की हे. दोघांचा अनुभव किती वेगळा आणि युक्ती तीच.

व्हिडिओ कॉल आमच्यासाठी वरदान आहे. बाबा आता आपल्या मित्रांशी तासन्‌तास 'बोलतात', घरात चिडीचूप आणि हसण्याचे मोठमोठे आवाज. पण चित्र गोठलं की खूण अर्ध्यात अडकते, आणि अर्धी खूण म्हणजे कधीकधी भलताच शब्द. मोठ्या मीटिंगमध्ये तर बाबा अदृश्यच. ज्याचा आवाज येतो त्याची चौकट मोठी होते ना? हातानं बोलणाऱ्याची बहुतेक वेळा होत नाही. बाजूला कुणी खोकलं तर खोकणारा मोठा होतो. यजमानानं हातानं त्यांची चौकट पुढे आणून ठेवली तरच ते दिसतात, आणि हे दर वेळी आठवणीनं सांगावं लागतं.

मीचतो

हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच्या मीटिंगमध्ये आमचा एक सहकारी आहे, त्याची चौकट आठवणीनं पुढे आणेन.

खडूफळा

शिक्षिका. वर्गात प्रश्न विचारला की शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात हे मोजलं होतं. तेच तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांब येतात, आणि एरवी तोंड न उघडणारी मुलंही बोलतात. मी मनात आकडे मोजायची सवय लावून घेतली होती.

ऑनलाइन वर्गात ती सवय कोलमडली. तीनपर्यंत मोजते, कुणी नाही. पाचपर्यंत, कुणी नाही. आठला एकदम तीन जण. कारण मुलाला आधी धीर गोळा करायचा, मग माइकचं बटण शोधायचं, मग दुसरं कुणी बोलत नाही ना हे बघायचं. आता मी दहापर्यंत मोजते. दहा सेकंद स्वतःचाच चेहरा बघत थांबणं म्हणजे शिक्षा आहे, म्हणून माझी चौकट लपवून ठेवते.

पण त्याहून मला खुपतं ते वेगळंच. गोष्ट सांगायची तर हुंकार लागतो. 'हं', 'मग?', 'अय्या!' हुंकार थांबला की सांगणाऱ्याला कळतं, पोरं झोपली. तीस जणांचे माइक बंद असले की गोष्ट सांगणं म्हणजे विहिरीत दगड टाकायचा आणि 'डुबुक' ऐकूच यायचं नाही. एक दिवस मी म्हटलं, सगळ्यांनी माइक चालू ठेवा, होऊ दे गोंधळ. तरी हुंकार नीट येईनात. माझाच आवाज तुटायला लागला.

कानसेन

तुटणारच. माझ्या स्पीकरमधून तुमचा आवाज बाहेर पडतो आणि माझ्याच माइकमध्ये शिरतो. तो परत तुमच्याकडे जाऊ नये म्हणून यंत्र तो वजा करतं. दोघं एकदम बोलले की त्याला कळेनासं होतं यातला प्रतिध्वनी कुठला आणि खरा आवाज कुठला. मग ते सरळ एकाचा आवाज दाबतं. हुंकार तर नेमका दुसऱ्याच्या बोलण्यावरच पडतो, तेव्हा पहिला बळी त्याचा. वर गोंगाट गाळणारी सोय असते. तिला 'हं' आणि खुर्चीची करकर यांत फारसा फरक दिसत नाही.

इयरफोन घातले तर प्रतिध्वनीचा प्रश्नच मिटतो, मग हुंकार बऱ्यापैकी पोचतात. दोघांनीही घालायला हवेत मात्र. आणि दोनच माणसं असतील, खोली शांत असेल, तर गोंगाट गाळणं बंदच करून बघा.

जराऐका

हुंकार! हाच शब्द सापडत नव्हता मला. चॅटवर आम्ही मधूनमधून 'वाचतेय' असं पाठवतो. पहिल्या प्रतिसादात मीचतो यांनी तेच केलं होतं की.

मीचतो

मी ते सहज लिहिलं होतं हो.

काठावरची

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, उशीर झाला. (नेट ठीक होतं, मीच गप्प होते.)

ताईनं धागा वाचला. रविवारी तिचा फोन आला, या वेळी चित्राशिवाय, दोघींच्या कानात इयरफोन. ओव्हर_अँड_आऊट यांचं तिला फार आवडलंय, पहिली दहा मिनिटं दर वाक्यानंतर 'ओव्हर' म्हणून तिनं मला छळलं. मग मी नोकरीचं पहिल्यापासून सांगितलं. मध्ये एकदा ती म्हणाली, "थांब, मी विचार करतेय." असं तोंडानं सांगताना तिला मी जन्मात ऐकलं नव्हतं. एरवी ती नाक खाजवते, त्यावरून कळतं.

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. तिकडे नळ चालू होता, भांडी घासल्याचा आवाज येत होता. एक वाटी गडगडत गेली आणि तिनं स्वतःशीच काहीतरी पुटपुटलं. मग म्हणाली, "आहेस ना?"

"आहे."

आणि परत भांडी.

कानसेन

भांडी ऐकू आली म्हणजे गोंगाट गाळणं बंद होतं. नाहीतर पहिला नळ गेला असता.

काठावरची

बंद होतं. ताईकडून मीच करून घेतलं, सेटिंगमध्ये सापडायला दोघींना वीस मिनिटं लागली.